अर्धं ब्लेड

अयाजने पेनड्राइव्ह दिला. म्हणाला, बघ,
जपानचा आहे, पण चालतो आपल्या सिडकोतल्या पोरांसारखा.
भद्रकालीतल्या खोलीत अंड्यांचे ट्रे
भिंतीला चिकटवून अयाज बीट बनवतो,
त्याला असलं सापडतं.
रात्री दोनला लावलं.
बर्फ. बर्फात एक माणूस, पाठीला तलवार,
आणि खालून धड, धड-धड, धड,
गाडीच्या डिकीतून येतो तसला बेस.
बापाचं मुंडकं पहिल्याच मिनिटाला उडतं.
रक्त दौत कलंडल्यासारखं सांडतं पडद्यावर
आणि पोरगं तिथेच उभं.

आई पाणी प्यायला उठली होती.
त्याच्या जटा बघून म्हणाली,
हा कुठल्या आखाड्याचा?

मी गंगेवर बसतो, रामकुंडाशी, बापाच्या जागेवर.
माझ्यापुढे मान वाकवतो त्याचं कुणीतरी
दहा दिवसांपूर्वी गेलेलं असतं.
त्याची तलवार एकच, जन्माची.
माझं ब्लेड मधोमध मोडायचं,
अर्धं ह्या डोक्याला, अर्धं पुढच्या.
तो एका भागात चाळीस मुंडकी उतरवतो.
पितृपक्षात माझी सकाळी साठ होतात,
सगळी उठून घरी जातात.

कुंभाचं वर्ष होतं.
एक पाट, एक छत्री, दोन माणसं.
सुखदेव बिडव्याने ढकललं.
बाप मागे गेला, पायरीवर.
पंचनाम्यात आलं: शेवाळावरून पाय घसरला.
मी अकराचा. हातात पाण्याची वाटी.
थेंब सांडू दिला नाही.

ह्या गावाचं नावच म्हणे कापलेल्या नाकावरून.
त्या एका नाकापायी समुद्रापारची सोन्याची नगरी जळाली,
बाई सांगायच्या, वर्ग हसायचा.
मी हिशोब मांडायचो:
नाकाला एक नगरी,
तर बापाला?

मग महिनाभर मी त्याच्या चालीने चाललो,
मालेगाव स्टँडचा उतार, कानात बेस.
बिडव्याची गाडी, बिडव्याचा चहा,
बिडवे कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं पाठ.
अयाजने ओळी बांधून दिल्या,
धार लाव, वार ठेव, नाव घेऊ नको,
बापाचं देणं आहे, भाव देऊ नको.

आणि बिडवे मेला.
साखरेने, सिव्हिलमध्ये.
आधी अंगठा कापला, मग घोट्यापासून, मग गुडघ्यापासून.
डॉक्टर माझ्या आधी पोचले.
असं तिथे होत नाही.
ज्याला मारायचं तो थांबतो,
डोंगराच्या टोकावर, शेवटच्या भागापर्यंत,
वाऱ्यात बाही फडफडवत.

दहाव्याला त्याचं पोरगं घेऊन मामा आला.
बाकीचे सगळे गुंतलेले, माझाच पाट रिकामा.
साईराज. नऊ वर्षांचा.
गृहपाठ विसरल्यासारखी मान घालून बसला.
शेंडी ठेवायची?
मामा म्हणाला, ठेवा.
केस भिजवले. ब्लेड मोडलं.
मानेवर, केस निघाले तसा, एक तीळ निघाला,
तो आजवर त्याच्या आईलाच ठाऊक असणार.
काय वाजतंय तुमच्या कानात?
काही नाही.
मला एक द्या ना.
दिला.
धड, धड-धड, आणि मान हलायला लागली.
हलू नको, म्हटलं.
कापलं तर?
मी नाही कापत.

बोलून गेलो.
आणि तोंडातून निघालेलं मग
हाताला पाळावं लागलं.

पैसे मामाने दिले, मी मोजले नाहीत.
उरलेलं अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं,
पुढच्या डोक्याला का वापरलं नाही, माहीत नाही.
शेवटचा भाग अजून पाहिलेला नाही.
अयाज सांगायला येतो, मी म्हणतो, थांब.

पोरगं चकचकीत डोक्याने पिंडाकडे चाललं होतं,
कावळा शोधत,
माझा उजवा बड त्याच्या कानात तसाच.
हाक मारणार होतो.
तो पुढे गेला तसा
माझ्या कानातला बेस आधी खरखरला,
मग एक ठोका सोडून, एक ठोका सोडून.